‘करून बघ’ आणि ‘यात्ते मिरु’ : मराठीतून जपानीकडे जाणारी वाट

‘इंग्रजी कच्चे असेल तर जपानीच्या नादी लागू नका.’ हा सल्ला आमच्या मोसम खोऱ्यातल्या मुलांनी पुण्यातल्या एका वर्गात ऐकला आणि त्यांतल्या दोघांनी प्रवेश न घेताच परतीची एसटी धरली. वर्ग चालवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. बहुतेक वर्गांत ‘मिन्ना नो निहोंगो’ हे क्रमिक पुस्तक चालते आणि त्याचे व्याकरण समजावणारा भाग मुले इंग्रजीतून वाचतात. शिक्षकही नियम इंग्रजीत सांगतात. म्हणजे नामपूरच्या मुलाला जपानीच्या दारापर्यंत जायचे तर आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. हा वळसा खरोखर आवश्यक आहे का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला. त्या प्रश्नाचा जो अभ्यास गेली काही वर्षे दुकान सांभाळून केला, तो या लेखात मांडतो आहे.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. जपानी मी वयाच्या चाळिशीनंतर, जुन्या पुस्तकांवरून आणि ध्वनिफितींवरून शिकलो. माझी घरची बोली अहिराणी, शाळेची भाषा मराठी. या दोन्हींचा जपानी शिकताना जितका उपयोग झाला, तितका इंग्रजीचा झाला नाही, हा माझा अनुभव. पण एकट्याच्या अनुभवावरून सिद्धांत उभा राहत नाही. म्हणून आधी भाषेची रचनाच तपासू.

शब्दांची रांग

एक साधा वाक्यांश घ्या : ‘काल मी बाजारात घेतलेला कांदा’. जपानीत हेच असे म्हणतात : ‘किनो वाताशि गा इचिबा दे कात्ता तामानेगी’. किनो म्हणजे काल, वाताशि म्हणजे मी, इचिबा म्हणजे बाजार, दे म्हणजे ‘-त’, कात्ता म्हणजे घेतलेला आणि तामानेगी म्हणजे कांदा. शब्दाला शब्द लागतो, रांग मोडत नाही. इंग्रजीत मात्र कांदा सर्वांत आधी येतो, मग ‘जो’ येतो, मग मी, मग घेतला, मग बाजार आणि शेवटी काल. नामपूरचा मुलगा इंग्रजीतून जपानी शिकतो तेव्हा तो हा वाक्यांश आधी उलटा करतो आणि पुन्हा सुलटा करतो. दोनदा उलटवलेली भाकरी करपते, तसे त्याचे वाक्य होते.

क्रियापद शेवटी, विभक्तीची खूण नामाच्या मागे, विशेषण नामाच्या आधी, या गोष्टी दोन्ही भाषांत समान आहेत हे कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. खरी मौज त्यापुढे आहे. मराठीत आपण ‘करून’ या रूपाला दुसरे क्रियापद जोडतो आणि अर्थाची छटा बदलतो : करून बघ, करून ठेव, करून टाक, करून दे, करून घे. जपानीत ‘करून’च्या जागी ‘ते’ हे रूप येते आणि त्यापुढे जोडली जाणारी क्रियापदे जवळजवळ आपलीच असतात. ‘यात्ते मिरु’ म्हणजे करून बघणे, आणि ‘मिरु’चा मूळ अर्थ ‘बघणे’ हाच आहे. ‘कात्ते ओकु’ म्हणजे आधीच विकत घेऊन ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. इथे ‘शिमाउ’चा मूळ अर्थ आवरणे, संपवणे असा आहे. ‘नाओशिते मोराउ’ म्हणजे दुरुस्त करून घेणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे आणि ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला यांतले प्रत्येक रूप स्वतंत्र नियम म्हणून पाठ करावे लागते, कारण इंग्रजीत ‘करून बघणे’ असा प्रयोगच नाही. तिथे ‘प्रयत्न करणे’ असे वेगळे क्रियापद वापरतात. आमच्याकडच्या सातवीतल्या मुलाला मी विचारले, ‘‘‘करी दख’ म्हणजे काय?’’ तो हसला. इतकी उघड गोष्ट कुणी विचारते का, असा त्याचा चेहरा होता. त्याला ‘यात्ते मिरु’ शिकवायला दोन मिनिटे पुरली.

क्रियापदांच्या जोड्यांचेही असेच. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे या जोड्या आपण न शिकता वापरतो. जपानीत ओचिरु-ओतोसु (पडणे-पाडणे), वारेरु-वारु (फुटणे-फोडणे), किरेरु-किरु (तुटणे-तोडणे) अशा शेकडो जोड्या आहेत. इंग्रजीत कप फुटला काय आणि फोडला काय, क्रियापद एकच. त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ही जोडी नेमकी कुठे वापरायची ते उशिरापर्यंत उमगत नाही. शिवाय ‘मला जपानी समजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत ‘मी’ कर्ता न राहता ‘मला’ होतो. जपानीतही समजण्याचे आणि असण्याचे क्रियापद याच वळणाने जाते. तिथेही समजणारी वस्तू कर्त्याच्या खुणेने येते. ‘येतो म्हणाला’ यात बोललेले आधी आणि ‘म्हणाला’ नंतर. जपानीत ‘कुरु तो इत्ता’. माणसे मोजण्यासाठी आपल्याकडे दोघे, तिघे, चौघे असे वेगळे शब्द आहेत. जपानीतही एका माणसाला ‘हितोरि’ आणि दोघांना ‘फुतारि’ म्हणतात, वस्तूंसाठी वेगळे शब्द असतात.

ही साम्ये मी शोधलेली नाहीत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषाक्षेत्रावर ग्रंथ लिहिला. शब्दक्रम, प्रयोजक क्रियापदे, ‘करून’सारखी रूपे, जोडक्रियापदे आणि ‘मला’ची वाक्ये हे पाच निकष घेऊन त्यांनी भाषांचा नकाशा तपासला. भारताच्या सीमेवर ही लक्षणे थांबत नाहीत, मध्य आशियामार्गे ती कोरिया-जपानपर्यंत पसरलेली दिसतात, असे त्यांना आढळले. आपल्यासाठी अभिमानाची बाब अशी की या क्षेत्रात आज एक मराठी माणूस अग्रणी आहे. डॉ. प्रशांत परदेशी हे तोक्योजवळच्या जपानी भाषेच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून काम करत आले आहेत. मराठी आणि जपानीची तुलना, क्रियापदांच्या जोड्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी मूलभूत जपानी क्रियापदांचा कोश हे त्यांच्या कामाचे विषय आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. साम्य म्हणजे नाते नव्हे. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या वंशातली, जपानीचा वंश वेगळा. जपानी अभ्यासक सुसुमु ओनो यांनी जपानी आणि तमिळ यांचे नाते असल्याचे मांडले, पण भाषाशास्त्रज्ञांनी ते सर्वसाधारणपणे स्वीकारले नाही. दोन अनोळखी माणसांची चालण्याची ढब सारखी असावी, इतकाच या साम्याचा अर्थ. पण शिकणाऱ्याला तेवढा पुरतो.

अक्षरांची ओळ

रचनेतले साम्य योगायोगाचे असेल, पण वर्णमालेतले नाही. जपानी अक्षरांचा क्रम पाहा : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या मराठी शाळेतले पोर ही ओळ ऐकताच म्हणेल, क, च, त, न, प, म, य, र, व. जुन्या जपानीत ‘सा’चा उच्चार ‘च’च्या जवळचा आणि ‘हा’चा उच्चार ‘पा’ असा होता असे अभ्यासक मानतात, म्हणून ती अक्षरे त्या जागी आली. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे रुजला. ८०४ साली चीनला जाऊन ८०६ साली परतलेला कूकाई हा भिक्षू आणि त्याच्या परंपरेतले भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकत. जपानमध्ये आजही थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे लिहितात. त्याही आधी बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचला होता आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हस्ते झाला.

उच्चारातही मराठीची एक खास देणगी आहे. ‘चूल’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे आहेत, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. जपानी ‘त’च्या ओळीत ‘चि’ आणि ‘त्सु’ असे दोन आवाज येतात. पहिला चिमणीचा, दुसरा चुलीचा. हिंदी भाषक ‘त्सुनामी’ म्हणताना अडखळतो, किंवा सरळ ‘सुनामी’ म्हणतो. मराठी माणसाने चुलीची आठवण ठेवली की झाले. दुहेरी व्यंजनाचेही तसेच. ‘किते’ म्हणजे येऊन आणि ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट. पका आणि पक्का यांतला फरक जाणणाऱ्या कानाला हे कठीण नाही.

जिथे मराठी हात सोडते

एवढे वाचून कुणाला वाटेल की मराठी मुलाला जपानी आपोआप येईल. तसे नाही. मराठी कुठे उपयोगी पडत नाही, हे माहीत असणेही तितकेच गरजेचे.

पहिली अडचण कांजीची. जपानमध्ये सर्वसामान्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत, त्यांतली १,०२६ प्राथमिक शाळेतच शिकवतात. एकेका चिन्हाचे दोन-दोन, कधी त्याहून जास्त उच्चार. इथेही समजावायला मराठी मदत करते : एकटे असताना आपण ‘पाणी’ म्हणतो, पण जोडशब्दात ‘जलाशय’, ‘जलसंधारण’ म्हणतो. जपानी माणूस तेच एक चिन्ह एकटे असताना ‘मिझु’ आणि जोडशब्दात ‘सुइ’ वाचतो. तत्त्व समजले तरी पाठांतर चुकत नाही. तिथे रोजची वही आणि हात दुखेपर्यंत गिरवणे, याला पर्याय नाही.

दुसरी अडचण ‘वा’ आणि ‘गा’ या दोन छोट्या खुणांची. ‘नामपूर वा तामानेगी गा यूमेइ देसु’ याचा भाव ‘नामपूर म्हणाल तर, कांदा प्रसिद्ध आहे’ असा. मराठीत ‘म्हणाल तर’ आपण कधीमधी वापरतो. जपानीत तो प्रत्येक वाक्यागणिक ठरवावा लागतो.

तिसरी अडचण मानाची. मराठीतही तू, तुम्ही, आपण आहेत, म्हणून मुलांना वाटते हे सोपे जाईल. उलट इथेच घसरगुंडी होते. मराठीत वडील हे सर्वांसमोर आदरार्थी असतात. ‘आमचे वडील बाहेर गेले आहेत’ असेच आपण परक्याला सांगतो. जपानीत परक्याशी बोलताना आपल्या घरच्यांना आणि आपल्या कार्यालयातल्या साहेबालाही नम्र, खालच्या रूपात सांगायचे आणि समोरच्याच्या माणसांना वरच्या रूपात. स्वतःचे वडील ‘चिचि’, तुमचे वडील ‘ओतोसान’. आपला मान माणसाला चिकटलेला असतो, त्यांचा मान आत-बाहेरच्या रेषेवर अवलंबून असतो. ही रेषा पुस्तकातून कळते, पण अंगवळणी पडायला त्या समाजात राहावे लागते. परदेशातल्या वर्षाची खरी गरज इथे लागते.

एक वर्ष तिकडे

जपानीत परदेशी जाऊन शिकण्याला ‘र्यूगाकु’ म्हणतात. त्यातल्या दोन चिन्हांचा अर्थ ‘थांबणे’ आणि ‘शिकणे’. विद्यापीठांमधल्या विद्यार्थी-विनिमयाला ‘कोकान र्यूगाकु’. पुणे हे महाराष्ट्रातले जपानीचे जुने केंद्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि शहरातले अनेक खाजगी वर्ग मिळून तिथे दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी ही भाषा शिकतात. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान २००६ साली ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे राहिले, तेही या संबंधांचेच फळ. पुण्यात वाढलेले आणि विद्यार्थिदशेत प्रथम जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभागृहावर निवडून आले. भाषा किती खोल जाऊ शकते याचा हा नमुना.

वर्षभर जाण्याचे मुख्य मार्ग दोन. एक विद्यापीठांच्या आपसातल्या करारातून. यात शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरायचे असते आणि तिकडचे माफ होते, पण विमान, राहणे, खाणे हा खर्च बहुधा स्वतःचा. दुसरा मार्ग जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचा. ही शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यात जपानी भाषा व संस्कृती मुख्य विषय घेतलेल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी साधारण एक वर्षाचा स्वतंत्र प्रकार आहे. यात शुल्क, प्रवास आणि मासिक भत्ता मिळतो. वर्ष संपले की परत येऊन आपली पदवी पुरी करायची.

आमच्या खोऱ्यातली एक शेतकऱ्याची मुलगी अशी वर्षभर जाऊन आली. तिचा मार्ग पहिला, म्हणजे खर्चाचा. वडिलांनी चाळीतला उन्हाळ कांदा भाव येईपर्यंत राखला, आणि त्या वर्षी भाव आला म्हणून विमानाचे तिकीट निघाले. भाव पडला असता तर हा परिच्छेद लिहिता आला नसता. आमच्याकडच्या मुलांचे परदेशी शिक्षण गुणवत्तेइतकेच बाजार समितीच्या लिलावावर अवलंबून असते, हे शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर पोहोचवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तिने फोनवरून जे सांगितले ते पुढच्यांच्या उपयोगाचे आहे. राहते घर ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आरोग्यविमा घ्यावा लागतो. विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते, त्यामुळे ‘तिकडे काम करून भागवू’ या हिशेबावर निघू नये. शाकाहारी माणसाने ‘भाजीचे सूप’ या शब्दांवर विसंबू नये. रसात बहुधा माशाचा अर्क असतो. भाषेच्या वर्गात आधी चाचणी घेऊन पायरी ठरवतात. तिच्या वर्गातली चिनी मुले वाचनात कितीतरी पुढे होती, कारण चिन्हे त्यांच्या ओळखीची. ‘‘काका, ती वाचून संपवतात तेव्हा मी दुसऱ्या ओळीवर असते,’’ असे ती पहिल्या महिन्यात रडवेल्या आवाजात म्हणाली होती. तिसऱ्या महिन्यात सूर पालटला. बोलायची वेळ आली की चिनी मुले वाक्य जुळवत बसत आणि हिचे वाक्य आधीच संपलेले असे. चिनी भाषेची शब्दांची रांग जपानीहून वेगळी, मराठीची जवळची, हे त्याचे कारण. जे तिला आपले वैगुण्य वाटत होते, ते अर्धेच खरे होते.

आणखी एक गोष्ट. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून होते आणि २०१० पासून तिच्या एन ५ ते एन १ अशा पाच पायऱ्या आहेत. त्या परीक्षेत बोलणे नाही आणि लिहिणेही नाही, फक्त पर्याय निवडायचे असतात. वरची पायरी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही दुकानात बावरतो तो यामुळे. एक वर्ष तिकडे राहण्याने जी भर पडते ती नेमकी या न तपासलेल्या भागात. मात्र निघण्यापूर्वी तिकडच्या विषयांचे श्रेयांक इकडे धरले जातील का, हे आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर गेलेल्यांना परतल्यावर वर्ष पुन्हा काढावे लागू शकते.

बोलीचा मुद्दा राहिला. तिकडे ओसाका-क्योतोकडची माणसे ‘वाकारानाइ’ (समजत नाही) याला ‘वाकाराहेन’ म्हणतात. पुस्तकी जपानी शिकलेली मुले हे ऐकून हबकतात. आमची मुलगी हबकली नाही. घरी ‘मना भाऊ शे’ आणि शाळेत ‘माझा भाऊ आहे’ असे लहानपणापासून दोन्ही बोलणाऱ्याला एकाच भाषेला दोन तोंडे असतात हे सांगावे लागत नाही. अहिराणी बोलतो म्हणून शाळेत ज्यांची टिंगल होते, त्या मुलांपाशी ही तयारी आधीपासून असते.

मागणे काय

आता प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०१९ पासून जपानने ठरावीक कौशल्यांच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याबद्दल करार झाला. शेती हेही त्यातले एक क्षेत्र. त्यासाठी साधारण एन ४ इतकी भाषा लागते. डाळिंब-कांद्याच्या पट्ट्यातल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना हे दार खुले होऊ शकते. इंग्रजीच्या उंबरठ्यावर त्यांना अडवले, तर ते दार त्यांच्यापुरते बंदच राहील.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे. वर्गात नियम सांगताना शिक्षकांनी आधी मराठी वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्याखाली जपानी, इंग्रजी लागलीच तर शेवटी. ‘करून बघणे’, ‘करून ठेवणे’, ‘पडणे-पाडणे’ अशा जोड्यांची पन्नास-साठ पानांची मराठी-जपानी व्याकरणपुस्तिका विद्यापीठांनी काढावी आणि ती तालुक्याच्या वाचनालयांत ठेवावी. आणि शिष्यवृत्तीच्या जाहिराती ग्रामीण महाविद्यालयांच्या फलकांवर मराठीत, मुदतीच्या पुरेशा आधी लागाव्यात.

या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. पुस्तिकेचा कच्चा मसुदा मी सुरू केला आहे. सध्या त्यात चाळीस क्रियापदे झाली आहेत, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असते तेव्हा दोन मुले येऊन ती तपासून देतात. जिथे मराठी उदाहरण त्यांना खटकते तिथे ती अहिराणी वाक्य सुचवतात, आणि बहुतेक वेळा तेच जपानीला अधिक चपखल बसते.